सोमाजी पाणकरांची कंपनी

तलावाच्या मातीच्या पाळीवर पाय ठेवण्याआधी सोमाजी पाणकर वहाणा काढून काखेत मारत. खाली काटे असोत की तापलेले दगड, त्यात बदल नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "बापाच्या पाठीवर जोडे घालून चालतेत का जी?"

त्याच पाळीवरून मी मोटार नेली. आमची पहिली भेट झाली तेव्हा सोमाजी पाळीवर उभे होते, वहाणा काखेत. मी खाली तलावात कमरेइतक्या पाण्यात होतो आणि माझ्या शेजारी माझी मोटार नाक खुपसून उभी होती.

इंग्रज अजून जायचा होता आणि मी गोंदियात नवा वकील होतो. एका गिरणीवाल्याची जुनी मोटार घेतली होती, बसण्यापेक्षा अशिलांना दिसण्यासाठी. विम्याचा एजंट तीनदा येऊन गेला. "ज्याला कायदा येत नाही त्यानं विमा काढावा," असं मी त्याला सुनावलं. हे वाक्य मला इतकं आवडलं, की बाररूममध्येही मी ते दोनदा ऐकवलं.

त्या दिवशी दवनीवाड्याहून परतताना वाटेतल्या सोमाजींच्या गावी गाडीवाटेचा चिखल टाळावा म्हणून मोटार पाळीवर घातली. समोर म्हैस आली. मी भोंगा वाजवला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि तिथंच उभी राहिली. मी चाक फिरवलं ते नेमकं तलावाकडे. मोटार घसरत गेली ती थेट तुडुमावर, म्हणजे शेतांना पाणी सोडायच्या दगडी तोंडावर. त्याची भोकं बंद ठेवणारे लाकडी गुट्टे निखळले आणि तलाव भडाभडा वाहू लागला. आश्विन चालू होता. उशिरा पिकणारं भारी धान निसवत होतं. तलावातल्या पाण्यावर गावाचं अख्खं वर्ष अवलंबून होतं.

कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी कधी आणि किती, हे सोमाजी ठरवत. पाणकर म्हणून ते त्यांचं कामच. त्यांच्या एका हाकेवर गाव धावलं आणि धानाचं वाळलं तणस, माती, जुनी पोती कोंबून तोंड बुजवलं. मी मात्र पाळीवर बसून बचावाचे मुद्दे काढत होतो. म्हैस मोकाट होती हा पहिला.

काम आटोपल्यावर सोमाजी आले. "हातभर पानी गेलं, वकीलसाहेब. आता कसं करता जी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काळजी नको. कंपनी भरून देईल."

"कंपनी कोन? तुमचा भाऊ का?"

"विम्याची कंपनी. जबाबदारी तिची असते."

"अस्सं! मंग कवा येते? माती उचला लागन तिले."

गावाची रीतच तशी होती. ज्याच्या हातून तलावाचं बिघडलं, त्यानं स्वतः टोपल्यानं माती वाहायची आणि धान पिकेपर्यंत तुडुमावर राखण करायची. रोख पैसे चालत नसत. "पैसा फेकून तुमी जासान," सोमाजी म्हणाले, "पान्याजवळ कोन बसन?" आणि त्यांनी कंपनीला आठ दिवसांची मुदत दिली.

आठव्या दिवशी मी सायकलवर गेलो. बैलांनी ओढून काढलेली मोटार चावडीजवळ उभी होती आणि मागच्या गादीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी मान खाली घालून म्हणालो, "सोमाजी, कंपनी नाही. मी विमा काढलाच नव्हता."

त्यांनी माझ्या मागच्या वाटेकडे पाहिलं. "म्हंजे तुमी एकलेच आहा?"

"एकटाच."

"मंग सांगाले आठ दिवस काऊन लावले जी? आमी दोघायचा सयपाक सांगून ठेवला ना!"

कोर्टाची दिवाळीची सुटी मी टोपली डोक्यावर घेऊन काढली. माती निम्मी वाटेत सांडायची. बायका ओरडायच्या, "वकीलबाबू, माती कोरटात नोका नेऊ, इकडे टाका!" सुटी संपली तरी कोर्ट उठलं की सायकल हाणत तुडुमावर यायचो. गुट्ट्याजवळ तळपाय ठेवून पाणी किती सुटतं आहे हे ओळखायला सोमाजींनी मला शिकवलं. माझ्या वकिलीतलं काही त्यांना शिकावंसं वाटलं नाही.

एका संध्याकाळी माझं लक्ष गेलं. सगळीकडे धान भरलं होतं, पण अगदी टोकाच्या तीन बांध्या पांढऱ्या पडल्या होत्या. तिथं पाणी पोचलंच नव्हतं. तणस गोळा करणाऱ्या एका बाईला विचारलं, त्या कोणाच्या?

"पानकराच्या. पानी वाटनाऱ्याचा नंबर सगळ्यायच्या मांगून."

माझ्या मोटारीनं सांडलेलं हातभर पाणी त्यांच्याच वाट्याचं होतं. मी धावत सोमाजींकडे गेलो. सांगितलं, की कायद्यानं हे नुकसान माझ्यावर येतं, मी तुम्हाला धान देतो, पैसे देतो, म्हणाल ते देतो.

"तुमी माती टाकली. राखन केली. झालं," ते म्हणाले. "आनखी वाटतच असन तं त्या म्हशीवर दावा लावा."

पौषात माझ्या दारात बैलगाडी थांबली. सोमाजी धानाच्या पेंढ्या उतरवू लागले. राखण करणाऱ्याला घरटी एक पेंढी मिळते, हीसुद्धा तिथलीच रीत. मी म्हणालो, "अहो, मी तर गुन्हेगार!"

"माती टाकली थो गुन्हेगार. राखन केली थो राखनदार. हक्काचं आहे." मग गाडीतल्या पेंढ्यांकडे बघत ते हळूच म्हणाले, "माझ्या घरची पेंढी तेवढी नाही जी यंदा. समजून घ्या."

मी पेंढ्या एकेक करून आत नेल्या.

सोमाजी एका माघात गेले. पाळीवरून त्यांना नेलं तेव्हा सगळं गाव अनवाणी होतं. माझेही बूट काखेत होते. पुढे विम्याची सक्ती झाली आणि मी विमा काढला. अंगी शहाणपण आलं म्हणून नव्हे. तोच एजंट आला होता. त्यानं कागद पुढे ओढून विचारलं, "पहले कभी एक्सीडेंट, वकीलसाब?"

"झाला एकदा."

"नुकसान किसने भरा?"

"सोमाजी पाणकरांनी."

त्यानं लेखणी थांबवली. "ये कौनसी कंपनी है? नाम नहीं सुना."

"कंपनी नाही," मी म्हणालो. "भाऊ."