ओलं मडकं

तिला सगळे थोरलीच म्हणायचे. घरची थोरली सून. नवरा होता तोवर मातीचं चाक तिचं आणि काचेची भट्टी दिराची, अशी कामाची वाटणी होती. नवरा गेला, मागोमाग तिची बोटं सांध्यांतून वाकडी झाली, चाकावर धाकटी जाऊ बसली आणि थोरलीच्या वाट्याला उरलं माती तुडवणं.

त्या उन्हाळ्यात मुलामुलींचं एक शिबिर त्यांच्या घरच्या कारखान्यात उतरलं. आठवडाभर काच फुंकायला आणि मडकी घडवायला शिकायचं. दीर लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन धरायचा आणि मुलं दुसऱ्या टोकानं जीव खाऊन फुंकायची. काच कमी फुगायची, गालच जास्त. शिबिराचे सर हसून हसून बेजार झाले.

मग सगळे चाकाकडे आले. धाकटी म्हणाली, "आणि या आमच्या जाऊबाई. एकेकाळी यांच्या हातचं मडकं लोक राखून ठेवायला सांगायचे. आता पाण्याचा तांब्या द्या, तोही हातात राहत नाही. लावलंय आपलं कामाला, तेवढाच जीव रमतो."

मुलं खिदळली. एकानं तर बोटं वाकडी करून तांब्या पाडल्याची नक्कलही केली. थोरली माती तुडवत राहिली.

एक मुलगी तेवढी हसली नाही. अंगानं काटकुळी म्हणून शिबिरात तिला काडी म्हणत. गर्दी पांगल्यावर ती थोरलीजवळ आली. "मावशी, मला तुम्ही शिकवाल?"

थोरलीनं शिकवलं. हाताचा उपयोग नव्हता म्हणून नुसतं तोंडानं. "आतला अंगठा सैल सोड. दाबू नकोस गं, माती आपोआप वर येते."

दोन-तीन दिवसांत काडीच्या हाताखाली मडक्याची भिंत सरळसोट वर चढली. कुठे डुगडुग नाही, कुठे पोक नाही. एवढं जमायला थोरलीची उमेदीची वर्षं गेली होती, तीही सासूच्या चापट्या खात. आणि ही पोरगी हसत-खेळत शिकून बसली होती.

"बरं झालंय ना, मावशी?"

"झालंय की," थोरली म्हणाली. पण ते सरळसोट मडकं तिला बघवेना. धाकटीचं बोलणंही तिला एवढं लागलं नव्हतं.

मडक्यांची भट्टी लावायच्या दिवशी बाकीच्यांची मडकी उन्हात खडखडीत वाळलेली होती. काडीनं मात्र हौसेनं आदल्या संध्याकाळी आणखी एक मोठं, जाड बुडाचं मडकं केलं होतं. ते छातीशी धरून ती विचारायला आली.

"हे ओलं आहे का अजून? बाहेरच राहू देऊ?"

थोरलीनं बुडाला तळहात लावला. गार लागलं. ओलं मडकं आगीत फुटतं आणि शेजाऱ्यांना घेऊन फुटतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"वाळलंय. ठेव मधोमध," ती म्हणाली.

भट्टी उघडली तेव्हा आत खापऱ्यांचा ढीग होता. मुलं रडकुंडीला आली.

"मधे कोणाचं होतं?" सरांनी विचारलं.

"माझं," काडी म्हणाली. "पण मावशींनी बघितलं होतं. वाळलंय म्हणाल्या."

सगळे थोरलीकडे वळले. तिनं आपले दोन्ही वाकडे हात पुढे केले. "मी? अहो सर, या हातांना ओलं-कोरडं कळतं का? विचारा आमच्या धाकटीला. इथे मला कोण काय विचारतं?"

धाकटीनं एक खापरी उचलून उलटीपालटी केली. मग म्हणाली, "खरंय. यांना काय विचारायचं!"

सरांनी काडीला एकेकाची माफी मागायला लावली. एकानं तिच्या पिशवीत खापऱ्या भरल्या, दुसऱ्यानं पिशवी लाथेनं उडवली. सगळ्यांत शेवटी ती थोरलीसमोर येऊन उभी राहिली. "तुमचं खोटं नाव घेतलं, मावशी. चुकलं माझं."

"असू दे, बाळ. होतं असं पोरवयात," थोरली म्हणाली.

शिबिर गेल्यावर जावा जेवायला बसल्या. धाकटी म्हणाली, "ओलंच होतं ते मडकं. मला खापऱ्या बघून कळतं."

थोरलीचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"कशाला? तुमचे दीर त्या पोरीला शिकायला ठेवून घ्यायचं म्हणत होते. म्हणे, डिट्टो वहिनींचा हात आहे. उद्या मला चाकावरून उठवलं असतं." धाकटीनं न मागता तिच्या ताटात वाढलं. "जेवा पोटभर."

थोरली खाली मान घालून सगळं जेवली. त्या रात्री तिला झोप लागली का? लागली, आणि चांगली लागली.

पुढच्या वर्षी सर नवी मुलं घेऊन आले. थोरलीनं काडीची चौकशी केली.

"ती होय? ती कशालाच हात लावत नाही हो आता. साधा कप धरायचा तरी घाबरते. म्हणते, माझ्या हातून सगळं बिघडतं."

"असतो एकेकाचा हात तसा," थोरली म्हणाली आणि मातीत पाणी ओतायला लागली.