माझ्या फोटोला माझाच हार

"हिच्या पट्ट्या हिलाच काढायला लावा. फुलं ओवते, बोटं हलकी असतील. फक्त आईंच्या पट्टीला नख लागता कामा नये."

त्या बाई असं म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, पण त्या बोलत होत्या कॉलेजच्या सरांशी. समोर भिंतीवर एक मोठा फोटो होता. त्या फोटोत अर्धी मी होते आणि अर्ध्या त्यांच्या सासूबाई. सासूबाई वारलेल्या. मी जिवंत. फोटोला पांढऱ्या शेवंतीचा हार घातलेला होता. तो हार सकाळी मीच ओवला होता.

मी अमरावतीत एका चित्रकलेच्या कॉलेजच्या फाटकाशी फुलं घेऊन बसते. गजरे, वेण्या, सुटी फुलं. कोणी सांगितलं तर हार. माहेर अंजनगावकडचं. बापाच्या मळ्यात शेवंती होती, झेंडू होता. चौथी झाली आणि मला फुलं तोडायला घातलं. त्यामुळे वाचता येतं, लिहिता येतं, पण चार माणसांत बोलता येत नाही. गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरता आवाज आहे. त्याहून मोठा लागला की घशात अडकतो.

त्या कॉलेजात सायली नावाची पोरगी शिकत होती. अकोल्याची. मोठ्या घरची, ते तिच्या चपलांवरून कळायचं. एक दिवस ती गजरा न घेताच माझ्याजवळ फुटपाथवर बसली. खाली काही अंथरलं नाही. तशीच बसली. मग चहा सांगितला. माझ्यासाठीही.

मी चहाकडे बघत राहिले. आमच्यासारख्या बाईला कोणी उगाच चहा पाजत नाही.

"मावशी, तुमचा चेहरा काय भारी आहे," ती म्हणाली.

भारी म्हणजे काय? रंग काळा. कपाळावर गोंदण. पुढचा एक दात तुटलेला. आजवर माझ्या चेहऱ्याला कोणी भारी म्हटलं नव्हतं. म्हणजे काहीतरी काम होतं.

"एक फोटो काढू?"

"कशाले?"

"कॉलेजचं काम आहे. प्रोजेक्ट."

"पेपरात देशीन?"

"नाही हो."

"कोन्या बचत गटाच्या कर्जाच्या कागदाले तं नाई लावत?"

ती हसली. "मावशी, तुम्ही किती संशय घेता!"

घेते. कारण दर्यापूरला एकदा माझा फोटो निघाला होता. बायकांचा मेळावा होता. मला स्टेजवर बोलावलं, शिलाई मशीनवर हात ठेवायला लावला, साहेब शेजारी उभे राहिले, फोटो निघाला. मी एका बाजूच्या पायऱ्यांनी उतरले. मशीन दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरली आणि जीपमध्ये जाऊन बसली. "घरपोच येईल," म्हणाले. फोटो पेपरात आला. मशीन आली नाही. शेजारणी ब्लाउज शिवायला घेऊन यायच्या. "मशीन नाई आली," म्हटलं तर म्हणायच्या, "अवं माय, फोटोत तं तुह्या हाताखाली हाय! लपवून ठेवली का वं?" सासूनेसुद्धा पलंगाखाली वाकून पाहिलं होतं.

तेव्हापासून माझ्या मनात हे पक्कं आहे. फोटो निघाला की आपलं काहीतरी जातं.

तरी मी सायलीला हो म्हटलं. का म्हटलं? माझा एकही फोटो घरात नाही. लग्नातला होता, तो वाळवीने खाल्ला. आधार कार्डावर आहे, तो चोराचा वाटतो. सायली म्हणाली, "एक मोठा फोटो तुम्हाला देईन मावशी. फ्रेम करून." मला तो पाहिजे होता. भिंतीवर माझं तोंड असावं असं मला वाटलं. हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिने फोटो काढले. सरळ बघा, म्हणाली. हसू नका, म्हणाली. डोक्यावरचा पदर मागे घ्या. मी घेतला. मग ती गेली आणि बरेच दिवस माझ्याजवळ बसली नाही. फाटकातून आत जाताना हात हलवायची. फोटोचं विचारावं असं रोज वाटायचं. जीभ उचलायची नाही.

मग एक दिवस आली. "मावशी, उद्या एक मोठा हार लागेल. फोटोला घालायचाय."

"गेलेल्या मानसाच्या फोटोले का सत्काराले?" हे विचारावं लागतं. दोन्हीची फुलं वेगळी.

"आजीच्या फोटोला. उन्हाळ्यात गेली ती. उद्या आमचं प्रदर्शन आहे, घरचे अकोल्याहून येणार आहेत. आणि मावशी, हार तुम्ही स्वतः आत घेऊन या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

म्हटलं, फ्रेम तयार झाली असेल.

सकाळी पांढरी शेवंती घेतली. चांगली निवडून घेतली, पोरीची आजी म्हणून. हार दाट ओवला. कॉलेजच्या फाटकाच्या आत मी तोवर चौकीदाराच्या स्टुलापर्यंतच गेले होते. त्या दिवशी पार हॉलमध्ये गेले. चपला दाराबाहेर काढल्या. बाकी कोणी काढल्या नव्हत्या.

सायलीने हार माझ्या हातातून घेतला, पळत जाऊन फोटोला घातला आणि म्हणाली, "आता बघा. ओळखलं?"

आधी काही कळलं नाही. बाज विणतात तसा फोटो विणलेला होता. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, आडव्या आणि उभ्या, एक वर एक खाली. एका चौकटीत नथ. ती माझी नाही. एका चौकटीत गोंदण. ते माझं. एक डोळा म्हातारा, घारा. दुसरा डोळा माझा, त्याच्यातही मधून रेघ गेलेली. ओठ अर्धे. तुटलेला दात माझा.

 मेलेल्या बाईच्या तोंडात माझं जितं तोंड विणलं होतं. आणि वर हार. माझ्याच हाताचा. आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला कुंकूसुद्धा जपून लावतात. माझं नातं हारांशी आहे, मी रोज ओवते, कोणत्या घरी कोणता गेला ते मला माहीत असतं. आणि मी माझा हार ओवून, पाण्याने शिंपडून, स्वतः आत आणून दिला होता.

सायली बोलत होती. उत्साहात होती. "आधी खूप बारीक पट्ट्या कापल्या मावशी, पण चेहराच हरवायचा. मग रुंद केल्या, तर दोघी वेगळ्या दिसायच्या, मिसळायच्याच नाहीत. खूप वेळा करून पाहिलं. आजीचा मोठा प्रिंट एकच होता ना, तो खराब होऊ नये म्हणून आधी सगळं तुमच्यावर करून पाहिलं."

तुमच्यावर करून पाहिलं.

फोटोखाली टेबल होतं. टेबलावर मांडून ठेवल्यासारखा पट्ट्यांचा ढीग. सगळ्या माझ्या. कानाची पाळी. नाकाची बाजू. कपाळ, गोंदणातून कापलेलं. बारीक पट्ट्या, रुंद पट्ट्या. आजीची त्यात एकही नव्हती.

मी हळूच विचारलं, "मायावाला फोटो? अख्खा?"

"अख्खा?" ती थांबली. आठवलं असावं. "अख्खा नाही उरला मावशी. सगळे प्रिंट कापले."

तेवढ्यात तिच्या घरचे आले. आई, काका, मागून सर. आईने दारातूनच हात जोडले, सासूबाईंच्या फोटोसाठी. जवळ आल्या आणि हात तसेच राहिले. फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे. कपाळावरच्या गोंदणावर त्यांची नजर अडकली.

"सायली, ही कोण?"

"फाटकावर फुलं विकतात त्या मावशी. आई, कल्पना अशी आहे की दोन बायका, दोन आयुष्यं—"

"आईंच्या तोंडात हिचं तोंड घातलंस तू?"

काका म्हणाले, "अवं, घरी शंभर बाया होत्या. तुही काकू होती, आत्या होती. हेच भेटली का तुले?" मग माझ्याकडे वळले. "काहून वं, तुलेच हौस होती का फोटोत घुसाची? तूच तिच्या मांगं लागली असशीन."

मी सायलीकडे बघितलं. ती सांगेल असं वाटलं. फुटपाथवर कोण बसलं, चहा कोणी पाजला. ती नखं बघत होती.

सर मधे पडले. संध्याकाळी पाहुणे येणार होते. सायलीच्या आईंनी सांगितलं, ह्या बाईच्या पट्ट्या काढा. सर म्हणाले, एकीच्या काढल्या तर दुसरीच्याही सुटतील. "मग तिथे पांढऱ्या कागदाच्या घाला," आई म्हणाल्या. आणि नंतर ते नखाचं बोलल्या, जे मी सुरुवातीला लिहिलं.

सर माझ्याकडे आले. आवाज गोड केला. "मावशी, जरा मदत करा. पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे. तुमच्या तेवढ्या ओढून घ्या."

मी पुढे झाले. खरं सांगते, हात उचललासुद्धा. मलाही तेच पाहिजे होतं ना. दोन मिनिटांपूर्वी मला माझं तोंड त्या मेलेल्या बाईतून ओढून काढून पळत सुटायचं होतं. आता तेच करायला सांगत होते.

पण हात पट्टीपर्यंत गेला आणि थांबला.

मी त्या फोटोत गेलेच नव्हते. मला नेलं होतं. कापून नेलं होतं. आणि आता मलाच म्हणत होते, नीघ. तेही माझ्याच बोटांनी. दुसऱ्याला नख न लावता. माझ्या जागी कोरा कागद चालेल म्हणून.

"मी नाई काढत," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "काय?"

"मी नाई काढत!" ह्या वेळी मोठ्याने निघालं. हॉलमधली पोरं वळली. आवाज सुटला होता. "म्या तुमच्या पोरीले बोलावलं नोतं. तिनं मले इथं घातलं. मले काढाचं असन तं तुमी काढा, तुमच्या हातानं. मी मायं तोंड काढत नसतो."

"बघा, बोलतेय कशी!" आई म्हणाल्या.

मग मी हात पुन्हा वर केला आणि हार काढला.

"ए, हार का काढते? आईंचा आहे तो!"

"मी जित्ती हाव, बाई. जित्त्या मानसाच्या फोटोले हार नसते. आजीचा वेगळा फोटो लावा. मी आनून देतो दुसरा हार. पन ह्याच्यावर नाई."

काका पुढे आले, पण हाताला धरावं तर बाईमाणूस, आणि सगळी पोरं बघत होती. ते थांबले. मी टेबलावरच्या माझ्या पट्ट्या गोळा केल्या. एक खाली पडली, तीही उचलली. सगळ्या ओच्यात घातल्या. हार हातात घेतला आणि दाराशी येऊन बाहेरच्या चपला आत ओढून घातल्या. आतच घातल्या.

फाटकाशी येऊन बसले आणि मग रडू आलं. चौकीदाराने विचारलं, काय झालं? त्यालाही सांगितलं नाही. त्याने आत जाऊन काय सांगितलं असतं, कोणास ठाऊक.

काही दिवसांनी सायली आली. पुन्हा फुटपाथवर बसली. पुन्हा चहा सांगितला. मी म्हटलं, "मले नको." फोन तिच्या हातात होता. मी म्हटलं, "तो आंधी उलटा ठेव." तिने ठेवला.

तिने माफी मागितली. आईने तो फोटो कपड्यात बांधून अकोल्याला नेला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं असेल. मी त्याच्यावर बोलत नाही.

मग म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या दिवशी हार काढलात ना, तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे होते... सर म्हणतात, खरं काम तिथेच होतं. तुम्ही तसंच हातात हार घेऊन उभं राहाल का एकदा? फक्त एक फोटो."

 हिला माझं 'नाही'सुद्धा पाहिजे होतं. कापायला.

"फोन उचल," मी म्हटलं.

ती खूश झाली. उचलला.

"मायावाले फोटो उघड. आंधीचे. दाखव."

तिने दाखवले. तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिले. अख्खी मी. पदर मागे, सरळ नजर, गोंदण जागच्या जागी. भारी दिसत होते, हे खोटं नव्हतं. भिंतीवर चांगला दिसला असता.

"हा फ्रेम करून देते मावशी, आजच देते," ती घाईने म्हणाली.

"पुसून टाक."

"मावशी, एकच तर आहे चांगला..."

"मायासमोर पुस. सगळे."

तिने पुसले. एक एक करून. शेवटचा गेला तेव्हा काच काळी झाली आणि त्यात माझंच तोंड दिसलं, पण धुरकट. ती उठून गेली. चहा तसाच राहिला.

तिने खरंच पुसले का? मला नाही वाटत. आणखी कुठे तरी असतीलच. कॉम्प्युटरमध्ये असतात म्हणे. अकोल्यात कुठल्यातरी कपाटात, कपड्यात बांधलेली, अर्धी मी आहेच. पट्ट्या माझ्या डब्यात आहेत. मी त्या जोडत बसले नाही. जोडणारही नाही.

हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. मला विसरायचं नाही म्हणून लिहिते.

अजूनही पोरंपोरी फाटकाशी येतात. फुलांचे फोटो काढता काढता फोन वर सरकतो. पूर्वी मी तोंडावर पदर घ्यायचे. आता घेत नाही. तोंड उघडं ठेवते आणि हात आडवा करते. म्हणते, आंधी विचार.

मी नाहीच म्हणणार आहे. तरी विचार.