आठ घरं आणि पाच टाक्या

हमदाकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेची नवी स्वच्छतागृहं ताब्यात घ्यायच्या दिवशी. ठेकेदार आला होता, खात्याचा माणूस आला होता, मुख्याध्यापिकाबाई नवे बूट घालून उभ्या होत्या आणि खजुराच्या बिस्किटांची ताटली फिरत होती. हमदाला शाळेत शिपाई म्हणून लागून तीनच महिने झाले होते. तोवर मी तिला फक्त झाडूच्या आवाजाने ओळखत होते. ती भरलेली बादली घेऊन आली, कुणाला न विचारता फरशीवर ओतली आणि बाजूला उभी राहिली. पाणी जाळीकडे गेलंच नाही. सावकाश, रमतगमत, मुख्याध्यापिकाबाईंच्या बुटांकडे आलं.

"आता करा सही," हमदा म्हणाली.

त्या दिवशी सही झाली नाही. फरशी उखडून पुन्हा उताराने बसवावी लागली. जाताना ठेकेदाराने मला विचारलं, "ही बाई शिपाई आहे की इन्स्पेक्टर?"

उत्तर तिनेच दिलं. "पुसायला मला लागणार आहे. तुला नाही."

ती जॉर्डनच्या दक्षिणेकडची, तफीलाकडच्या डोंगरातली. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, लवकर गेला. मुलगी लग्न होऊन अकाबाला. अम्मानमध्ये हमदा बावीस वर्षं एकाच मालकाच्या तळमजल्यावर भाड्याने राहिली. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ते गच्चीवरच्या टाकीत घ्यायचं आणि सात दिवस पुरवायचं. तिच्या मालकाच्या तीन टाक्या भरल्या की मग हमदाच्या टाकीची पाळी, आणि उन्हाळ्यात पाळी यायच्या आतच पाणी जायचं. मग ती कपड्यांचं गाठोडं शाळेत आणायची आणि सुट्टीनंतर धुवायची. याबद्दल तिला कधी कुरकुरताना मी ऐकलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "बाई, मी मरेन तर स्वतःच्या टाकीखाली मरेन."

आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. त्या वर्षी तिने अम्मानच्याच तबरबूर भागात बांधून होत आलेल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर ठरवलं. बयाणा दिला, आणि भाड्याचं घर महिन्याच्या शेवटी सोडते असं मालकाला सांगूनही टाकलं. नंतर माझ्याकडे आली. म्हणाली, "सह्या गुरुवारी आहेत. त्याआधी माझ्याबरोबर एकदा चला. वाचता मलाही येतं. पण तुम्ही वाचलंत की त्यांना ऐकू येतं."

बिल्डरच्या माणसाने सोमवारी या म्हणून सांगितलं होतं. सोमवार हा त्या भागातला पाण्याचा दिवस. हमदा मला रविवारी घेऊन गेली. पहिल्या मजल्यावर एक कुटुंब आधीच राहायला आलं होतं. त्या घरच्या बाईने आम्हाला चहा विचारला आणि लगेच ओशाळली, कारण नळातून नुसती हवा येत होती.

"कधीपासून?" हमदाने विचारलं.

"शुक्रवारपासून. आणि विजेचं मीटर बांधकामाचं आहे. सगळ्यांत मिळून एकच. वरती करवत चालली की माझा फ्रिज बंद पडतो."

"भोगवटा पत्र मिळालंय का इमारतीला?"

त्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. ते पत्र नसेल तर घराला स्वतःचं पाण्याचं मीटर नाही की विजेचं नाही, हे त्यांना राहायला आल्यावर कळलं होतं.

मग आम्ही गच्चीवर चढलो. आम्ही आल्याचं कळताच बिल्डरचा माणूस धापा टाकत मागे आला. गच्चीच्या एका कोपऱ्यात टाक्यांसाठी ओटे बांधले होते. हमदाने बोट लावून मोजले. घरं आठ, ओटे पाच. उरलेल्या गच्चीवर गुळगुळीत फरशी, भोवती कठडा आणि मांस भाजायची पक्की चूल. हे सगळं चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला विकलं होतं.

"तीन टाक्या कुठे जाणार?" तिने विचारलं.

"ते नंतर बघू, हाज्जा. एकावर एक चढवू."

"तुझ्या घरी चढव. आणि भोगवटा पत्र?"

"येईल, इन्शाअल्ला. सगळे आधी करार करतात, राहायला येतात. पत्र मागाहून येतं."

"तू विकलेल्यांपैकी किती जणांचं मागाहून आलं?"

त्या माणसाला तेवढ्यात फोन आला. निदान त्याने तो कानाला लावला.

खाली उतरताना मी तिला म्हणाले, "हमदा, बयाणा परत माग आणि सोडून दे. दुसरं घर बघू."

"का सोडू? घर चांगलं आहे. भिंती सरळ आहेत, मी दोरी लावून पाहिल्या. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं. माणसं वाकडी आहेत म्हणून मी सरळ भिंती सोडू?"

गुरुवारपर्यंत तिने बाकीच्या गिऱ्हाइकांना गाठलं. कुणी तिची बाजू घेतली नाही. मोअय्यद नावाचा एक तरुण, शाळेत माझ्याच हाताखाली भूगोल शिकलेल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, तो तर हात जोडायलाच आला.

"मावशी, हॉल ठरलाय. पुढच्या महिन्यात मुलगी घरात यायची आहे. तुम्ही गुरुवारी तोंड उघडलंत तर तो सगळ्यांचे करार थांबवेल."

"मुलगी आणशील आणि आंघोळीला तिला माहेरी पाठवशील?"

"होईल काहीतरी."

"होईल म्हणणाऱ्याच्याच घरात मी बावीस वर्षं राहिले आहे," हमदा म्हणाली.

गुरुवारी बिल्डरच्या कार्यालयात आम्ही सातजण भिंतीलगत बसलो होतो. बिल्डर फव्वाझ टेबलामागे, त्याच्यापुढे करार. कोपऱ्यात त्याचे वडील, हाजी अबू फव्वाझ, हातातली काठी गुडघ्यांत धरून. ते रोज येऊन बसत. व्यवहारात लक्ष घालत नसत, पण येणाऱ्याचं स्वागत त्यांचं. नोकराने कडू कॉफी फिरवली. सगळ्यांनी घोट घेतले. हमदाने पेला घेतला आणि न पिता समोरच्या तिपाईवर ठेवला.

सगळ्यांनी त्या पेल्याकडे पाहिलं. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस असा पेला ठेवतो आणि यजमानाने शब्द दिल्याशिवाय त्याला हात लावत नाही. मुलीला मागणी घालायला किंवा दोन घराण्यांतला खून मिटवायला आलेले वडीलधारे पुरुष हे करतात. एकट्या बाईने, तेही फरशीचे नमुने टांगलेल्या खोलीत, असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

फव्वाझ हसून काही बोलणार होता. पण म्हाताऱ्याचा हात आधीच छातीवर गेला होता. आयुष्यभराची सवय. ते म्हणाले, "कॉफी घे, बहिणी. जे मागायला आलीस ते तुझं झालं."

"बाबा, काय हवंय ते तरी विचारायचं."

"विचारायला हवं होतं," हाजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. आधी ऐकायचं आणि मग शब्द द्यायचा, हे त्यांनी कितीतरी बैठकांत दुसऱ्यांना सांगितलं असेल. "पण बोलून गेलो. सांग, काय दिलं मी?"

हमदा उभी राहिली नाही. आवाजही चढवला नाही. "आठही घरांच्या टाक्यांना गच्चीवर जागा, ती खरेदीखतात लिहून. आणि भोगवटा पत्र हातात आल्याशिवाय कुणाची सही नाही."

"गच्ची विकलीय," फव्वाझ म्हणाला. "पैसे घेतलेत मी. आणि चूल?"

"चूल गल्लीत ठेव. सगळेच जेवू."

मोअय्यद हसला आणि मग आपण हसलो म्हणून घाबरला.

"बाबा, हे जमातीच्या बैठकीचं दालन नाही, ऑफिस आहे. इथे कागद चालतो."

"मग कागदावर लिही," हाजी म्हणाले. "सात माणसांनी ऐकलंय. उद्या मशिदीत मी कुठल्या रांगेत उभा राहू?"

फव्वाझने पेन माझ्याकडे सरकवलं, की रागाने टाकलं, अजून मला नक्की सांगता येणार नाही. मी लिहिलं. खाली त्याने सही केली. हमदाने कागद दोनदा वाचला, मला परत दिला, पेला उचलला आणि एका घोटात संपवला. कॉफी केव्हाच गार झाली होती.

भोगवटा पत्राला साडेचार महिने लागले. गच्ची गेली म्हणून चौथ्या मजल्यावरच्या माणसाने घर घेणं रद्द केलं, ते महिनाभर विकलं गेलं नाही आणि फव्वाझने त्याचा राग हमदावर काढला. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला सर्वांत हलका दगड बसवला. तिने तो बदलून घेतला. मोअय्यदचं लग्न पुढे गेलं. तो हमदाला जिन्यात पाहिलं की तोंड फिरवायचा.

"माझ्यामुळे लांबलं म्हणतो," ती मला म्हणाली. "आठ घरांना पाच ओटे मी बांधले होते का?"

ते साडेचार महिने ती माझ्याकडे राहिली, शिवणाच्या खोलीत. माझ्या न्हाणीघराचा उतारही चुकला आहे हे तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

आता हमदा एकाहत्तर वर्षांची आहे. दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, सोमवारी कपडे धुते, आणि येत्या महिन्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे.