पेरलेला, पेरलेली, पेरलेलं

अपवाद तळटिपांत साचत जातात, तसे आमच्या प्रदर्शनाचे किस्से साचले आहेत. मूळ विधान मात्र एकच. निजामाच्या अमदानीत हिंगोलीच्या एका शाळेत पीकप्रदर्शन भरलं आणि पिकांची लॅटिन नावं लिहून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच एम.एस्सी. झालो होतो. शाळेत शिक्षकाची एक जागा रिकामी होती, आणि ती मला द्यावी की नाही हे प्रदर्शन पाहून इन्स्पेक्टरसाहेब ठरवणार होते.

*

मदतीला हिंगोलीजवळच्या गोरेगावचे शेतकरी दादाराव आणि पाट्या रंगवणारे महमूदचाचा होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना बऱ्याच पिकांच्या नावांमागे लागणारं 'सातिवस' हे विशेषण समजावलं. 'पेरणे' या अर्थाच्या धातूपासून ते आलं. अर्थ पेरलेला, लागवडीचा. पुल्लिंगी सातिवस, स्त्रीलिंगी सातिवा, नपुंसकलिंगी सातिवम.

दादाराव म्हणाले, "म्हंजे पेरलेला, पेरलेली, पेरलेलं! मंग यात लॅटिन काय हाय?"

*

मुळा दोन्ही भाषांत पुल्लिंगी, तिथपर्यंत सारं सुरळीत चाललं. काकडीपाशी अडलं. लॅटिनमध्ये ती पुल्लिंगी: कुकुमिस सातिवस.

"काकडी बाप्या काहून झाली, मास्तर?"

"नाम पुल्लिंगी आहे, म्हणून विशेषणही पुल्लिंगी."

"आमच्या वावरात तर बाईच हाय. तिकडं गेल्यावर बिघडली आसंल!"

*

कोथिंबिरीला 'सातिवम', म्हणजे नपुंसकलिंग. चाचांनी ब्रश खाली ठेवला.

"साहब, ये बात मैं घर में नै बोलता. हमारी बेगम कोथमीर पे जान देती!"

*

साळीच्या लोंब्यांपुढे पाटी होती, 'ओरायझा सातिवा'. सकाळी पाहतो तो पाटीला हळदकुंकू! एक आजी हात जोडून उभ्या.

"सटवाईच न्हवं का ही?"

उच्चारसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, असं मी सांगू लागलो. दादारावांनी मला थांबवलं. "राहू द्या, मास्तर. तुमच्या कपाळी नोकरी लिहायची हाय तिला!"

*

इन्स्पेक्टरसाहेब आले. चाचांनी हौसेने माझ्यासाठीही छातीवर लावायची एक छोटी पाटी रंगवली होती. घाईत मी ती न वाचताच टाचली. असं माझ्या हातून सहसा होत नाही.

साहेबांनी ती वाचली. 'माधवराव, एम.एस्सी., सातिवस.'

"ही कोणती पदवी?"

मी मान वाकवून छातीवरची पाटी वाचू लागलो. चाचा पुढे सरसावले.

"हुजूर, सब अच्छे चीजां के पीछे वोइच लगा था. मास्टरसाब मर्द हैं, तो 'वस' लगा दिया!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"लागवडीचे आहात. रानटी नाही, एवढं तर ठरलं. सोमवारी रुजू व्हा."

मागून दादारावांचा आवाज आला, "पेरलेला हाय म्हणल्यावर रुजनारच की!"