थोरलीचं शेवटचं प्रकरण

मॅडमना आलेलं स्थळ मी परस्पर नाकारलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. आणि नाकारून झाल्यावर शेवभाजीचा आणखी एक वाटी रस्सा मागवला, इतका मी त्या दुपारी स्वतःवर खूश होतो.

"थोरली की धाकटी?" हा मॅडमचा ठरलेला प्रश्न. आमच्या जळगावच्या कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या. दोन बहिणींची एक जुनी इंग्रजी कादंबरी त्यांनी इतकी वर्षं शिकवली, की त्या बहिणी रिंग रोडलाच कुठेतरी राहतात असं आम्हाला वाटायचं. थोरली डोक्यानं चालणारी. प्रेमात पडली तरी घरात कोणाला पत्ता लागू देत नाही. धाकटी काळजानं चालणारी. ती भिजते, रडते, आजारी पडते, आणि सगळ्या गावाला कळतं. तुम्ही कोणाच्या बाजूचे हे सांगितल्याशिवाय मॅडम सोडायच्या नाहीत. नव्या प्राचार्यांना त्यांनी स्वागताच्या चहावरच गाठलं. प्राचार्य घाबरून म्हणाले, "थोरलीचं बारावीचं वर्ष आहे माझ्या."

उत्तर दिलं की मॅडम तळहात पुढे करायच्या. "पुरावा? पान सांग." जणू पुरावा म्हणजे प्रसाद, हातावरच ठेवायचा. स्टाफरूममधली त्यांची खिडकीजवळची खुर्ची आता रिकामी आहे. मी एकदा बसून पाहिलं. समोरून हात येईल असं वाटलं आणि उठलो.

मी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्यांच्याच विभागात चिकटलो. त्यामुळे बाकीचे "सर" आणि मी कायम "अरे". मॅडमचं घरही दोन बहिणींचंच. वडील लवकर गेले. धाकटीनं प्रेमविवाह केला, तो थोरलीनं पुढे होऊन लावून दिला, आणि थोरलीचं स्वतःचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता तुम्हीच सांगा मंडळी, मॅडम कोण? थोरली! माझ्यापुरता विषय संपला होता.

दर वर्षी परीक्षा झाल्या की जळगाव-धुळ्याचे आम्ही सगळे मास्तर पेपर तपासायला एका हॉलमध्ये जमतो. तिथे धुळ्याचे एक सर यायचे. विधुर, हसरे, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग, आणि धाकटीचे कट्टर वकील. मॅडम लाल पेननं तपासायच्या. सर मॉडरेटर, म्हणजे तपासलेल्यावर पुन्हा हिरवं पेन फिरवणारे. मग जे चालायचं त्याला तिकीट लावायला हवं होतं.

"या पोरानं धाकटीला मूर्ख म्हटलंय, आणि तुम्ही त्याला आठ मार्क दिलेत?"

"पुरावा दिलाय त्यानं."

"पुरावा बघून कोणी प्रेमात पडतं का, मॅडम?"

"पडलेल्यांनी पेपर तरी नीट तपासावेत."

आम्ही बाकीचे पेनं खाली ठेवून ऐकायचो. त्या दिवसांत मॅडमच्या डब्यात कळण्याची एक भाकरी जास्त असायची आणि ठेचाही दुप्पट. हे मी रोज पाहत होतो. पाहून मला एवढंच कळलं, की मॅडमची भूक वाढली आहे.

अशाच एका दुपारी सरांनी मला शेवभाजी खायला नेलं. बराच वेळ ते कांदाच चिरडत बसले. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या मॅडमना विचारून बघा ना. माझ्याबद्दल."

आपल्याकडे विशीत काय आणि पन्नाशीत काय, मध्यस्थ लागतोच. आणि मध्यस्थानं काय करायचं असतं? निरोप न्यायचा असतो. मी मात्र तिथल्या तिथे निकाल लावला. "सर, वाईट वाटून घेऊ नका. मॅडम थोरलीतल्या आहेत. या वयात असलं काही त्यांच्या डोक्याला पटायचं नाही. कशाला अपमान करून घेता?"

सरांनी चिरडलेला कांदा बाजूला सारला. "बरोबर आहे," म्हणाले. बिल त्यांनीच दिलं.

पुढच्या वर्षी धुळ्याहून सर आलेच नाहीत. तब्येतीचं कारण कळवलं होतं. मॅडमनी पहिल्या दिवशी दाराकडे पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "मॉडरेटर बदलले का रे?" नवा मॉडरेटर गरीब माणूस, मॅडमचे मार्क बघून नुसती मान डोलवायचा. मॅडम त्याच्यावरच चिडल्या. "काहीतरी भांडा की!" डबा मात्र तेवढाच आणायच्या. उरलेली भाकरी मी खायचो. मनात म्हणायचो, वयानं भूक कमी होते.

हिवाळ्यात आमच्या विभागाची भरीत पार्टी ठरली, यावलजवळ एका माजी विद्यार्थ्याच्या केळीच्या बागेत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. मॅडम जमिनीवर बसून गरम गरम वांगी सोलत होत्या, हात कोपरापर्यंत काळे. मी शेजारी. काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला एक किस्सा सांगायचा राहिलाच. त्या धुळ्याच्या सरांनी माझ्याकडे तुम्हाला मागणी घातली होती! मी सरळ नाही सांगून टाकलं."

आणि हसलो. एकटाच.

मॅडमच्या हातातलं वांगं देठासकट खाली पडलं. "कोणाला विचारून?"

"मला वाटलं..."

"पुरावा?" काळा तळहात माझ्यासमोर आला. "पान सांग."

माझ्याकडे पान नव्हतं.

"गाडी काढ."

"मॅडम, भरीत..."

"डब्यात भर. गाडी काढ!"

तापीचा पूल गेला, जळगाव गेलं, एरंडोल गेलं. ट्रकमागून ट्रक. हात धुवायलाही त्या थांबल्या नव्हत्या. मांडीवर डबा आणि डब्यावर ते दोन काळे हात. मी एकदा चोरून पाहिलं, तर मॅडम पुटपुटत होत्या. आयुष्यभर लोकांची उलटतपासणी घेणारी बाई बोलायची वाक्यं पाठ करत होती! पारोळ्याजवळ म्हणाल्या, "आमची धाकटी माझ्याकडे रडत आली होती, तेव्हा मी पुरावा मागितला होता का रे? दुसऱ्या दिवशी लग्नाचा हॉल बघायला गेले." मग, "कादंबरीत थोरली शेवटी काय करते?"

"लग्न."

"त्याआधी?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शेवटची प्रकरणं मी मुलांना दर वर्षी घरी वाचायला सांगतो. मी स्वतः ती अजून घरी वाचली नव्हती. पुढे वाचली. आपला माणूस मोकळा आहे, आपल्यासाठीच आला आहे, हे कळल्यावर ती शहाणी थोरली धावत खोलीबाहेर जाते आणि दाराआड आनंदानं हमसून रडते. पण त्या दिवशी गाडीत मी एवढंच म्हणालो, "मॅडम, टोल आला."

धुळ्याला दार सरांच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. सगळे त्यांना अक्का म्हणतात. "कोन शे?" असं त्या अहिराणीत म्हणेपर्यंत मागून सर आले. मॅडमचे हात पाहिले, डबा पाहिला, मग मला पाहिलं.

वाटेत पाठ केलेलं मॅडम सगळं विसरल्या असाव्यात. "नाही कोणी सांगितलं होतं?" एवढंच त्या म्हणाल्या. "मी?"

"तुमच्या या विद्यार्थ्यानं."

"परीक्षेत त्याला मी नापास करत होते. मार्क कोणी वाढवले?"

सरांनी आठवून पाहिलं. मान खाली घातली. "मीच असेन."

"मग भोगा!"

सर हसले. मग हसता हसता थांबले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी आता विचारतो. मध्यस्थ नको. चालेल?"

मॅडमनी तळहात पुढे केला. मला वाटलं, आता पुरावा मागतील. हात तसाच राहिला. सरांनी तो काळा हात धरला. "हात धुऊन येते," असं म्हणून मॅडम जवळजवळ पळतच आत गेल्या, आणि मोरीचं दार लागलं.

नळ सुटला. सुटला तो सुटलाच. सर बंद दारासमोर उभे, डोळे भरलेले. अक्कांनी पदर तोंडाला लावलेला. नळ काही बंद होईना. कोणीच काही करत नाही हे बघून शेवटी मीच म्हणालो, "काजळी निघत नसेल. साबण द्या की कोणीतरी!"

अक्कांनी पदर खाली घेतला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरांना विचारलं, "हाऊ कालेजमा पोरेसले शिकाडस?"

"हो, अक्का."

"मंग त्या पोरेसनं कसं व्हई, माय!"