शेवट न दाखवणारा सिनेमा आणि दत्ताकाका

दत्ताकाकांवर मी लिहावं एवढी माझी ओळख नव्हती, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. ते माझे सख्खे काका नव्हते. सौदीतल्या अल खफजीत बाबांच्या कंपनीत बोटीवर असलेले रत्नागिरीकडचे खलाशी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून ते मला ‘प्रोफेसर’ म्हणायचे...

सुट्टीत मी बाबांकडे गेलो होतो. कॉलेजात फ्रेंच घेतलंय, म्हणून एका शुक्रवारी लॅपटॉपवर फ्रेंच सिनेमा लावला होता. काका मासे घेऊन आले आणि शेजारी मांडी घालून बसले. सिनेमात दोघे भाऊ शिडाच्या बोटीतून सहलीला निघतात, वारा फिरतो, पण थोरला मागे वळायला तयार नसतो. मी अडखळत अर्थ सांगत होतो. काकांना त्याची गरज नव्हती. “शीड उतरव आधी, शहाण्या,” ते पडद्यावरच्या थोरल्याला म्हणाले, “मग भांड काय ते.” शेवटी धाकटा पाण्यात पडतो, थोरला एकटाच किनाऱ्याला लागतो, आणि सिनेमा संपतो.

“अरे, पण धाकट्याचं काय झालं?”

“दाखवलं नाही, काका. प्रेक्षकांवर सोडलंय.”

“प्रेक्षक जातील आपल्या घरी. त्याच्या घरच्यांनी काय करायचं, प्रोफेसर?”

मी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात वाऱ्यात त्यांची बोट कलंडली. चौघे सापडले, काका नाही. कोणी म्हणे दुसऱ्या बोटीने उचललं, कोणी म्हणे दवाखान्यात आहेत. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, ‘बुकरा’, उद्या या. गावाहून काकी रोज फोन करायची, तोही मला. “तू शिकलेला, तू खरं सांगशील. कुंकू लावू की नको?” मी चांगल्या बातमीची वाट बघतोय की नुसत्या बातमीची, हेही मला कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी बाबा भरदुपारी घरी आले. बूट न काढताच म्हणाले, “दत्ता सापडला. कुवेतच्या बाजूला. दुसऱ्या दिवसापासून तिथल्या शवागारात होता.”

कामगारांच्या कॅम्पात धुतलेले कव्हरऑल, म्हणजे छातीवर नाव शिवलेले कामाचे अंगभर कपडे, एकत्रच येतात. घाईत माणूस हाताला लागेल तो अंगावर चढवतो. काकांच्या अंगावरच्या कव्हरऑलवर नाव कंपनीतल्याच अन्वरभाईंचं होतं. तिकडून त्या नावाची चौकशी आली, तेव्हा आमच्याकडून कोणीतरी लगेच कळवलं होतं, अन्वर ड्युटीवर आहे, सुखरूप आहे. चौकशी तिथेच थांबली.