दोष कॉइलचा नव्हता

चूक माझी होती. ती पाच महिने मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या नावावर खपवली आणि रोज नीट जेवलो, झोपलो. त्या माणसाची, म्हणजे माझी, मला आता किळस येते.

सुरतेत मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत अतिवाहक पदार्थाचे पातळ थर तपासतात. द्रव नायट्रोजनने थंड केलेला चांगला थर चुंबकीय क्षेत्र पलीकडे जाऊ देत नाही. थराच्या एका बाजूला हरभऱ्याएवढी कॉइल ठेवून क्षेत्र सोडायचं, दुसऱ्या बाजूच्या कॉइलमध्ये किती पोचतं ते मोजायचं. अशी जागा बदलत गेलं की थर कुठे कच्चा आहे ते कळतं.

दोन्ही कॉइल सुरतेच्याच उधना भागातल्या एका काकांनी गुंडाळल्या होत्या. मूळचे धुळ्याकडचे, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, जळलेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून देणारे. केसाएवढी तार, आणि प्रत्येक वेढा तोंडाने मोजत घातलेला.

त्या दिवशी पाहुणे येणार होते. आलेखाचा उभा अक्ष कशाचा हेही न कळणारे, पण शालींचे मानकरी. विभागप्रमुखांना त्यांच्यासाठी ‘ठसठशीत’ आलेख हवा होता. मी शेपूट हलवली आणि सिग्नल मोठा दिसावा म्हणून प्रवाह वाढवून ठेवला. तेवढ्या क्षेत्रापुढे थर टिकला नाही. थर थंड होताना पलीकडे पोचणाऱ्या क्षेत्राची जी रेघ सरळ खाली यायला हवी, ती पडद्यावर रेंगाळत उतरली. अशा वेळी प्रवाह अर्धा करून पुन्हा मोजायचं, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, आपली कॉइल काय करते ते बघायला आले होते.

“वेढे आतल्या आत शॉर्ट झालेत,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “काका, ही लूमची मोटर नव्हे!”

मुलं हसली. प्रमुख सगळ्यात मोठ्याने.

“सर, वेढा मी मोजीसन मारेल शेतस,” काका म्हणाले. खिशातून मीटर काढलं. “आते तपासी देस ना.”

“राहू द्या,” मी म्हणालो.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी एकटा असताना प्रवाह कमी केला. त्याच कॉइल, तोच थर. रेघ सुरीने कापल्यासारखी खाली आली. अहवालात मी लिहिलं: ‘सदोष कॉइल बदलली.’ प्रमुखांनी पाठ थोपटली. काकांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

पुढे कामासाठी उधन्याला गेलो, तेव्हा त्यांच्या दुकानाच्या पाटीवरची ‘प्रयोगशाळेच्या कॉइल’ ही ओळ रंगाने पुसलेली दिसली. शेजारच्या टपरीवाल्याने आपणहून सांगितलं, “कॉलेजवाल्यांनी खराब ठरवली ना त्यांची कॉइल! आता बारीक काम त्यांना कुणी देत नाही.” मी चहा अर्धा टाकून पळालो. हो, तेव्हाही पळालोच.

पुढच्या आठवड्यात अहवाल दुरुस्त करून प्रमुखांना दिला. ते म्हणाले, “एका वाइंडरसाठी कशाला स्वतःची शोभा करून घेता?” पाच महिने मीही हेच म्हणत होतो, फक्त मनात.

त्याच दुपारी दुकानात गेलो. तीन गिऱ्हाइकं बसली होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबलो नाही.

“काका,” मी म्हणालो, “तुमच्या कॉइलमध्ये काहीच दोष नव्हता. प्रवाह मी वाढवला होता. मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं आणि मी गप्प बसलो. तुमचं नाव मी घालवलं. मला माफ करा.”